न पाहिलेल्या शिष्यिणींचे गुरुजी

गाणं शिकायचं तर गुरू समोर हवा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गुरूने गायचं, शिष्याने उचलायचं, चुकलं की गुरूने डोळे मोठे करायचे. पण एक गुरुजी असे होऊन गेले, की त्यांनी तब्बल सेहेचाळीस वर्षं घराघरातल्या मुलीबायकांना गाणं शिकवलं आणि त्यातल्या बहुतेकींचं तोंडही कधी पाहिलं नाही. या शिष्यिणी त्यांच्या घराची पायरी चढल्या नाहीत, त्यांनी फी दिली नाही, गंडा बांधला नाही. रविवारी सकाळी रेडिओचं बटण फिरवायचं आणि वही-पेन्सिल घेऊन बसायचं, एवढीच काय ती शाळेची प्रवेश परीक्षा!

मैत्रिणींनो, हे गुरुजी म्हणजे कोलकात्याचे पंकज मलिक. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या शौकिनांना हे नाव ठाऊक असतं. ‘कपालकुंडला’, ‘डॉक्टर’, ‘यात्रिक’ या चित्रपटांतली त्यांची गाणी आपल्या आधीच्या पिढीने रेडिओ सिलोनवर आणि विविध भारतीवर ऐकली. भरदार, खर्जातला, जरासा उदास आवाज. पण बंगालमध्ये कुणा आजींना विचारलंत, तर चित्रपट दुसऱ्या नंबरावर येतील. त्यांच्या लेखी पंकजबाबू आधी रेडिओवाले. आणि मला त्यांची हीच ओळख जास्त मोलाची वाटते.

पावसाने उघडलेलं दार

पंकजकुमार मलिक यांचा जन्म १० मे १९०५ चा, कोलकात्यातला. घराणं वैष्णव. वडील मणिमोहन यांना पारंपरिक बंगाली गाण्यांची आवड, घरी उत्सवाच्या निमित्ताने गाणंबजावणं होई. आई मनमोहिनी. मुलगा दुर्गादास बंद्योपाध्याय यांच्याकडे रीतसर गाणं शिकला, स्कॉटिश चर्च कॉलेजात जाऊ लागला. पुढे त्यांना रवींद्रनाथांच्या गाण्यांनी झपाटलं. रवींद्रनाथांचे नातू लागणारे दिनेंद्रनाथ टागोर म्हणजे त्या गाण्यांचं चालतंबोलतं भांडार. त्यांच्याकडून पंकजबाबूंनी ती गाणी घेतली.

आता १९२७ साल बघा. त्या वर्षी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीने आपल्या देशात दोन रेडिओ केंद्रं सुरू केली. २३ जुलैला मुंबईचं आणि २६ ऑगस्टला कोलकात्याचं. कोलकात्याचं केंद्र गार्स्टिन प्लेस नावाच्या गल्लीत होतं. ज्यांच्याकडे रेडिओ होता असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बऱ्याचदा कानाला हेडफोन लावून ऐकायचे.

त्याच वर्षी पावसाळ्यातली एक गोष्ट सांगितली जाते. बावीस वर्षांचे पंकजबाबू रस्त्याने चालले होते. पावसाची मोठी सर आली. भिजायला नको म्हणून ते एका डॉक्टरांच्या दवाखान्यापाशी आडोशाला उभे राहिले. पाऊस थांबेना, तेव्हा वेळ घालवायला रवींद्रनाथांचं पावसाचं गाणं गुणगुणू लागले. डॉक्टरांच्या कानावर ते सूर पडले. त्यांनी या पोराला आत बोलावून पुन्हा गायला लावलं, आणि रेडिओवर ओळख होती म्हणून तिकडे नेऊन उभं केलं. सप्टेंबर १९२७ मध्ये पंकज मलिक हा आवाज पहिल्यांदा हवेतून लोकांच्या घरी गेला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो तिथेच राहिला.

या काळात रेडिओचे मालक बदलले. १९३० मध्ये खासगी कंपनी बुडाली, सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. १९५८ मध्ये कोलकाता केंद्र ईडन गार्डन्सजवळच्या नव्या आकाशवाणी भवनात गेलं. इंग्रज गेले, देशाचे तुकडे झाले, सरकारं आली. रविवारचे गुरुजी मात्र तेच.

रविवारची बैठक

१९२९ मध्ये कोलकाता केंद्राने एक नवा कार्यक्रम सुरू केला. नाव ‘संगीत शिक्षार आसर’. आसर म्हणजे बैठक. संगीत शिकायची बैठक! पंकजबाबूंचं वय तेव्हा चोवीस. रेडिओवरून गाणं ऐकवणं वेगळं आणि गाणं शिकवणं वेगळं. ऐकवताना गाणाऱ्याने आपलं उत्तम ते द्यायचं, ऐकणाऱ्याने वाहवा करायची. शिकवताना मात्र समोरच्याला कुठे अडतंय ते कळावं लागतं. आणि इथे तर समोर नुसता मायक्रोफोन! त्याला डोळे नाहीत, चेहरा नाही. तो मान हलवत नाही की कपाळाला आठ्या घालत नाही.

पंकजबाबूंनी त्यावर आपली साधी रीत बसवली. आधी गाण्याचे शब्द सावकाश सांगायचे, म्हणजे घरी लिहून घेणारीला पुरेसा वेळ मिळेल. मग एक ओळ गायची. पुन्हा गायची. स्टुडिओत कुणी शिकणारं असेल तर त्याच्याकडून म्हणून घ्यायची, कारण शिकणारा जिथे चुकतो तिथेच घरी बसलेली शंभरातली पन्नास माणसं चुकत असणार. ती जागा धरून पुन्हा समजावायची. एका बैठकीत सगळं गाणं पुरं करायची घाई नाही. राहिलं ते पुढच्या रविवारी. रवींद्रनाथांची गाणी, भजनं, देशभक्तीची गाणी, लोकगीतं, असं सगळं या बैठकीत आलं.

मला या कार्यक्रमाचं एवढं अप्रूप का, ते सांगते. तो काळ आठवा. १९२९ साली घरंदाज बाईने चारचौघांत गाणं, हे बंगालमध्ये काय आणि आपल्याकडे काय, शोभणारं मानलं जात नव्हतं. ग्रामोफोनवर आणि रेडिओवर ज्या बायका गात, त्यांना समाज नावं ठेवत असे आणि त्यांच्याच तबकड्या घरात हौसेने वाजवत असे. अशा वेळी मुलीला गाणं शिकायला बाहेर कोण पाठवणार? घरी मास्तर लावायचे तर पैसा हवा, आणि परक्या पुरुषासमोर मुलीला बसवायची तयारी हवी. ज्यांना हे जमलं त्यांच्याही शिकण्याला एक मुदत असायची, ती म्हणजे लग्न! बघायला येणाऱ्यांपुढे पेटी काढून एखादं गाणं म्हणून दाखवायचं आणि लग्न झालं की पेटी माळ्यावर. हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? आपल्या आज्या, आत्या, मावश्या यांच्याकडून आपण हेच तर ऐकलं आहे.

रेडिओवरच्या गुरुजींचं तसं नव्हतं. ते दिवाणखान्यात येत होते पण दिसत नव्हते. त्यामुळे सासऱ्यांना हरकत घेता येत नव्हती! मुलगी शिकत होती तशी सूनही शिकू शकत होती आणि सासूही. चाळिशीतल्या बाईने आता या वयात कशाला, असं विचारणारं कुणी नव्हतं. चूल सोडून जायचं नव्हतं. मी मनाशी चित्र रंगवते. रविवारची सकाळ, घरात सगळी माणसं हजर, म्हणजे बाईला दुप्पट काम. तरी तेवढा वेळ ती हात पुसून रेडिओपाशी बसते. एक ओळ निसटते, कारण तेवढ्यात कुणीतरी चहा मागितलेला असतो. ती वहीत तेवढी जागा मोकळी सोडते आणि पुढच्या रविवारची वाट बघते.

ही मोकळी सोडलेली जागा मी स्वतः पाहिली आहे, बंगालमध्ये नाही, आमच्या घरी. माझी आई रेडिओवरची भावगीतं अशीच उतरवून घ्यायची. तिच्या वहीत दर गाण्यात कुठे ना कुठे ठिपके ठिपके असायचे. ते गाणं पुन्हा लागलं की ठिपक्यांवर शब्द बसायचे, वेगळ्या शाईत. काही ठिपके वर्षानुवर्षं तसेच राहिले. त्या वहीकडे बघून मला नेहमी वाटतं, बाईच्या शिकण्यातली अडचण बुद्धीची कधीच नव्हती, सलग वेळेची होती. पंकजबाबूंनी तीच ओळ चार वेळा म्हणून तेवढी सवड त्यांना करून दिली.

रवींद्रनाथांपुढे भीतीने गाळण

एवढा मोठा आवाज असलेला हा माणूस स्वभावाने मात्र भिडस्त. त्यांची एक गंमत ऐका. तरुणपणी त्यांनी रवींद्रनाथांच्या ‘शेष खेया’ या कवितेला स्वतःची चाल लावली. खुद्द कवी आपल्या गाण्यांच्या चाली स्वतः करत असताना हे धाडसच म्हणायचं. ती चाल लोकांना आवडू लागली आणि बातमी जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात पोहोचली. बोलावणं आलं. पंकजबाबू गेले, महाकवीसमोर बसून ती कविता गायले, आणि गाणं संपताच काही ऐकून घ्यायच्या आत तिथून चक्क पळाले, असं सांगतात. बोलणी बसतील या भीतीने!

बोलणी काही बसली नाहीत. पुढे १९३७ मध्ये प्रमथेश बरुआ यांच्या ‘मुक्ती’ या चित्रपटासाठी तीच कविता त्याच चालीत घ्यायचं ठरलं. पुन्हा परवानगी मागायला पंकजबाबूच गेले. रवींद्रनाथांनी आनंदाने होकार दिला. चित्रपटाचं ‘मुक्ती’ हे नावही त्यांच्याच बोलण्यातून आलं, अशी आठवण आहे. या चित्रपटात पंकजबाबूंनी संगीत दिलं, भूमिका केली आणि ते गाणं स्वतः गायले. तोवर रवींद्रनाथांची गाणी शांतिनिकेतन, ब्राह्म समाज आणि शिकल्यासवरल्या घरांपुरती होती. ती रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी बसवली कुणी, तर चित्रपटाने आणि रविवारच्या त्या बैठकीने.

चित्रपटसृष्टीतही त्यांचं काम मोठंच. न्यू थिएटर्स या कोलकात्याच्या नामांकित संस्थेत ते आणि रायचंद बोराल संगीताची बाजू सांभाळत. पार्श्वगायनाच्या जन्माशी त्यांचं नाव कसं जोडलं गेलं, तो किस्सा तर मजेशीरच आहे. दिग्दर्शक नितीन बोस त्यांना गाडीतून स्टुडिओत नेण्यासाठी यायचे. एकदा बराच वेळ भोंगा वाजवला तरी पंकजबाबू बाहेर येईनात. कारण काय, तर आत एका इंग्रजी गाण्याची तबकडी लागली होती आणि ते तिच्याबरोबर आवाज मिसळून गात होते. हे ऐकून बोस यांच्या डोक्यात कल्पना चमकली, की गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि नटाने त्यावर नुसते ओठ हलवायचे. १९३५ च्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली आणि ‘धूप छाँव’ या हिंदी चित्रपटात ही कल्पना प्रत्यक्षात आली. त्या पहिल्या पार्श्वगीतात आवाज होते ते बायकांचे. त्यातल्या एक पारुल घोष, म्हणजे संगीतकार अनिल विश्वास यांच्या बहीण आणि बासरीवादक पन्नालाल घोष यांच्या पत्नी.

कुंदनलाल सैगल पंजाबी. त्यांना रवींद्रसंगीताची गोडी लावली, उच्चार घोटून घेतले ते पंकजबाबूंनीच. १९३९ च्या ‘जीवन मरण’ या बंगाली चित्रपटात सैगल रवींद्रनाथांची गाणी गायले, संगीत पंकजबाबूंचं. आणि १९४० च्या ‘जिंदगी’मधली सैगलची ती अंगाई, जी ऐकवत आपल्यातल्या कितीतरी जणींनी पोरं झोपवली असतील, तिची चालही त्यांचीच. बघा, शिकवण्याचा गुण माणसाच्या अंगातच असावा लागतो. मोठ्या गायकाला शिकवताना आणि न दिसणाऱ्या गृहिणीला शिकवताना त्यांची चिकाटी एकच होती.

पुढे न्यू थिएटर्सला उतरती कळा लागली. नितीन बोस, बिमल रॉय अशी मोठमोठी मंडळी मुंबईला गेली. पैसा आणि नाव तिकडेच होतं. पंकजबाबू मात्र कोलकात्यातच राहिले. जाणकार म्हणतात की यात त्यांचं नुकसान झालं. झालंही असेल. पण ते गेले असते तर रविवारच्या बैठकीचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतोच.

पहाटे चारची वेळ

आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या म्हणतात, त्या दिवशी बंगालमध्ये महालया असते. दुसऱ्या दिवसापासून देवीचं नवरात्र. या दिवशी पहाटे चार वाजता कोलकाता केंद्रावरून ‘महिषासुरमर्दिनी’ नावाचा दीड तासाचा कार्यक्रम लागतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकाराला आला. लेखन बाणीकुमार यांचं, चंडीपाठ आणि निवेदन वीरेंद्रकृष्ण भद्र यांचं, संगीत पंकज मलिक यांचं. अजूनही त्या पहाटे बंगाली माणूस जगात कुठेही असो, अंथरुणातून उठून हा कार्यक्रम ऐकतो. आपल्याकडे १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ लागायचं, तेव्हा लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. त्यावरून तुम्हाला कल्पना येईल. फरक एवढाच, की ही पहाट दरवर्षी येते.

सुरुवातीची कितीतरी वर्षं हा कार्यक्रम थेट सादर व्हायचा. रात्री उशिरा गायक-वादक जमायचे, स्नान करून, धूतवस्त्र नेसून बसायचे. निवेदक भद्र जातीने ब्राह्मण नव्हते, म्हणून त्यांनी चंडीपाठ करण्याला काहींनी नाकं मुरडली. वादकांत मुसलमान कलावंत होते, त्यावरूनही कुजबुज झाली. पण या तिघांनी आपली माणसं बदलली नाहीत. देवीच्या स्तुतीला सूर सच्चा लागतो, त्याची जात कोण विचारतो?

तालमीच्या बाबतीत मात्र पंकजबाबू कडक. गायक कितीही मोठा असो, तालमीला यायचंच. कितीतरी दिवस आधीपासून तालमी चालत. हेमंतकुमार मुंबईच्या चित्रपटांत गुंतले, तेव्हा त्यांच्या वाट्याचं गाणं द्विजेन मुखोपाध्याय यांच्याकडे आलं आणि ते त्यांचंच होऊन गेलं. सुप्रीती घोष, उत्पला सेन, संध्या मुखर्जी, प्रतिमा बॅनर्जी, आरती मुखर्जी अशा कितीतरी गायिकांचे आवाज त्या पहाटेशी कायमचे जोडले गेले. ज्या समाजाने पूर्वी बाईच्या गाण्याला नाक मुरडलं, तोच समाज पहाटे अंघोळ करून, हात जोडून बायकांचं गाणं ऐकू लागला. हे काही आपोआप झालं नाही. असं दरवर्षी, दर रविवारी थोडं थोडं होत होतं.

एक पत्र

पंकजबाबूंना मानसन्मान मिळाले. १९७० मध्ये पद्मश्री, आणि १९७२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. आता हा माणूस सत्तरीला आला होता. रविवारची बैठक चालूच होती. ज्या मुली पहिल्या वर्षी वही घेऊन बसल्या होत्या, त्यांना आता नाती झाल्या होत्या.

आणि १९७५ मध्ये त्यांना एक पत्र आलं. रेडिओकडूनच. कार्यक्रम बंद करण्यात येत आहे, अशा अर्थाचं. सेहेचाळीस वर्षांच्या बैठकीचा शेवट एका सरकारी कागदाने झाला. त्यांना कुणी समोर बसवून सांगितलं नाही, शिष्यिणींचा निरोप घ्यायला एखादा शेवटचा रविवारही नीटसा दिला नाही. या गोष्टीने ते फार दुखावले. जवळची माणसं सांगतात की ते मनाने त्यातून पुरते बाहेर आलेच नाहीत.

कुणी म्हणेल, अहो, सत्तरीच्या माणसाने थांबायलाच हवं, नव्यांना संधी नको का? हवी ना! थांबणं कुणालाच चुकलेलं नाही. पण थांबवायचीही एक रीत असते. आपल्या घरात बघा. वर्षानुवर्षं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सासूच्या हातातून नव्या सुनेने एके दिवशी न बोलता झारा काढून घेतला, तर त्या बाईला काय वाटेल? काम गेल्याचं दुःख कमी असतं. आपण इतकी वर्षं केलं ते कुणाच्या लक्षातच नव्हतं की काय, हे दुःख मोठं असतं. मला वाटतं पंकजबाबूंचं दुखणं हेच होतं.

पुढच्याच वर्षी, १९७६ च्या महालयेला, रेडिओने ‘महिषासुरमर्दिनी’ही बाजूला ठेवली. तिच्या जागी नवा कार्यक्रम बसवला. निवेदनाला बंगालचा लाडका नट उत्तमकुमार, संगीत हेमंतकुमार यांचं. नावं काही लहान नव्हती. पण त्या पहाटे उठून बसलेल्या लोकांना जे हवं होतं, ते मिळालं नाही. संतापाची लाट आली. फोन खणखणले, पत्रांचा पाऊस पडला, लोक आकाशवाणी भवनापाशी जाऊन भांडले. शेवटी त्याच वर्षी दुर्गापूजेतल्या षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा लावावा लागला. पुढच्या वर्षापासून महालयेची पहाट पुन्हा ‘महिषासुरमर्दिनी’ची झाली. या सगळ्या प्रकारावर २०१९ मध्ये ‘महालया’ नावाचा बंगाली चित्रपटही निघाला.

लोकांनी देवीचा कार्यक्रम परत मिळवला. रविवारची बैठक मात्र परत आली नाही. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. मला याचं राहून राहून नवल वाटतं आणि कारणही उमगतं. महालयेची पहाट सगळ्या घराची होती, पुरुषांचीही होती. रविवारची बैठक बऱ्याच अंशी स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकणाऱ्या बाईची होती. तिचं काहीतरी काढून घेतलं गेलं तर तिने रस्त्यावर यायचं कसं? तिने वही मिटली असेल आणि कामाला लागली असेल.

१९ फेब्रुवारी १९७८ रोजी पंकजबाबू गेले. त्यांचं ‘आमार युग आमार गान’ हे आत्मचरित्र १९८० मध्ये पुस्तकरूपाने आलं. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. गार्स्टिन प्लेसचं ते जुनं केंद्र आता नाही, रेडिओचा परवानाही इतिहासजमा झाला.

मग उरलं काय?

आज गाणं शिकायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही, निदान लागू नये. हातातल्या मोबाइलवर हजार गुरुजी आहेत. ओळ निसटली तर बोटाने मागे सरकवायची, पन्नास वेळा ऐकायची. वहीत ठिपके सोडायची गरज नाही. सोय खूप झाली, याचा मला आनंदच आहे. तरी एक गोष्ट मोबाइलला जमत नाही. वेळ ठरवून कुणीतरी आपल्यासाठी येतं आहे, आपण नाही बसलो तर आपली जागा रिकामी राहील, ही भावना तो देत नाही. रविवारची ती वेळ बाईने घरातल्या सगळ्यांकडून हक्काने मागून घेतलेली असायची. आत्ता मला हाक मारू नका, माझी शिकवणी आहे, असं म्हणण्याचं बळ तिला त्या आवाजाने दिलं होतं. घरात स्वतःसाठी मागितलेली ती तिची बहुधा पहिलीच वेळ असेल.

पंकज मलिक यांच्या किती शिष्यिणी गायिका झाल्या, याची मोजदाद करता येणार नाही. बहुतेकजणी झाल्याच नसतील. त्या पोळ्या लाटताना, भात निवडताना, नातवाला झोपवताना गायल्या असतील. पण नीट सुरात आणि चुकीचा शब्द न घालता गायल्या असतील, कारण गुरुजींनी ती ओळ चार वेळा म्हणून दाखवली होती. अशा गाण्याची तबकडी निघत नाही की त्याला पुरस्कार मिळत नाही. ते फक्त घरातल्या पोरांच्या कानात राहतं आणि पुढच्या पिढीला वाटतं की आपल्याला गाणं उपजतच येतं.

तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या खाली अशी एखादी गाण्यांची वही असेल तर ती रद्दीत घालू नका. काढून बघा. त्यातल्या ठिपक्यांच्या जागी काय शब्द असायला हवे होते, ते तुम्हाला नक्की आठवतील. आठवले तर लिहून टाका, हव्या त्या शाईत. आणि ज्या आईने, आजीने ती वही लिहिली, ती अजून असेल तर तिच्यापाशी बसून ते गाणं एकदा पुरं म्हणा.